लहान केलेली कॉइल जास्त का तापते?

हॉस्टेलच्या खोलीत शेगडी लावायला बंदी होती, म्हणून आमची शेगडी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे राहायची. पांढऱ्या चकतीच्या गोल खाचेत बसवलेली हजार वॅटची उघडी कॉइल, एवढीच तिची संपत्ती. एका रविवारी रात्री ती कॉइल मधेच तुटली. दुकानं बंद. खोलीतल्या एकाने तुटलेली काळी पडलेली टोकं पकडीने छाटली, उरलेली कॉइल ताणून टोकं एकमेकांत पिळली आणि शेगडी पुन्हा चालू केली. साधारण दहावा भाग तार कचऱ्यात गेली होती. सगळ्यांचा अंदाज एकच होता : तार कमी झाली, म्हणजे आच कमी लागणार, चहाला वेळ लागणार.

झालं उलटंच. कॉइल नेहमीच्या लालऐवजी नारिंगी दिसायला लागली आणि दूध पाहता पाहता उतू गेलं. चारच दिवसांत ती पुन्हा तुटली. पुन्हा छाटली, पुन्हा पिळली. या वेळी ती आणखी उजळ झाली आणि दुसऱ्याच संध्याकाळी मजल्याचा फ्यूज सोबत घेऊन गेली. रेक्टर वर आले तेव्हा शेगडी वर्तमानपत्रांमागे होती. वास मात्र लपत नव्हता.

मी तेव्हा विज्ञान शाखेला होतो. वहीत विजेच्या शक्तीची दोन सूत्रं एकाखाली एक लिहिलेली होती. पहिलं : वॅट म्हणजे अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम. या सूत्राप्रमाणे रोध कमी झाला की उष्णता कमी व्हायला हवी, म्हणजे आमचा अंदाज बरोबर. दुसरं : वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. याच्याप्रमाणे रोध कमी झाला की उष्णता वाढायला हवी. शेगडीने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला होता. मग पहिलं खोटं का? परीक्षेत दोन्ही सूत्रांना गुण मिळत होते, त्यामुळे हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही.

आधी हिशोबाची तोंडओळख करून घेऊ. तो खरोखर सोपा आहे. विजेची चार मापं : व्होल्ट म्हणजे ढकलणारा दाब (पुस्तकी शब्द विभवांतर), अँपिअर म्हणजे वाहणारा करंट, ओहम म्हणजे वाटेतला रोध आणि वॅट म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा. त्यांना बांधणारे नियम दोनच. व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. आणि वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. बाकी सगळी सूत्रं या दोघांची पिलावळ आहे. चारांपैकी कुठलीही दोन मापं हातात आली की उरलेली दोन आपोआप निघतात.

घरातल्या गिझरची पट्टी वाचा. तिच्यावर २३० व्होल्ट आणि २००० वॅट लिहिलेलं असतं. दोन हजारला दोनशेतीसने भागलं की ८.७ अँपिअर आले. दोनशेतीसला ८.७ ने भागलं की जवळपास २६.४ ओहम आले. सहा अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये गिझर का लावू नये आणि त्याला सोळा अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेट का लागतं, हे या एका भागाकारातच आलं. इस्त्री हजार वॅटची असेल तर ४.३५ अँपिअर आणि ५२.९ ओहम. आमच्या शेगडीचंही तेच : ५२.९ ओहम.

शाळेत यासाठी एक त्रिकोण शिकवतात. तीन कोपऱ्यांत तीन अक्षरं, हवं त्यावर बोट ठेवायचं, उरलेल्यांचा गुणाकार की भागाकार ते दिसतं. त्रिकोण उपयोगी आहे, पण तो एक गोष्ट झाकतो. एक माप बदललं की उरलेल्यांपैकी कोण जागेवर राहतं आणि कोण हलतं, हे तो सांगत नाही. ते सूत्रात नसतंच. ते जोडणीत असतं.

आमच्या शेगडीकडे परत येऊ. भिंतीतल्या सॉकेटने २३० व्होल्टचा वायदा केलेला आहे. कॉइल लांब असो वा आखूड, तो वायदा बदलत नाही. म्हणजे इथे व्होल्ट कायम आणि करंट हलता. नव्वद टक्के तार उरली तेव्हा रोध ५२.९ चा ४७.६ ओहम झाला, करंट ४.३५ चा ४.८३ अँपिअर झाला आणि शक्ती हजाराची ११११ वॅट. पहिल्या सूत्रात ओहम कमी झाले हे खरं, पण त्याच वेळी अँपिअर वाढले, आणि अँपिअरचा तिथे वर्ग आहे. म्हणून पहिल्या सूत्रानेही ११११ च येतात, करून पाहा. चूक सूत्राची नव्हती. करंट आहे तेवढाच राहील असं आम्ही मनातल्या मनात धरून बसलो होतो.

आणखी एक बारकावा. वाढलेली शक्ती आता कमी लांबीच्या तारेवर पडत होती. त्यामुळे दर सेंटिमीटरमागची उष्णता अकरा टक्के नव्हे, जवळपास तेवीस टक्के वाढली. दुसऱ्या छाटणीनंतर ऐंशी टक्के तार उरली, तेव्हा हीच वाढ ०.८ च्या वर्गाने भागून काढायची : १.५६ पट. दीडपटीहून जास्त! शिवाय पिळलेल्या जोडाची जागा आधीच कमकुवत. ती कॉइल दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकली हेच नवल.

हा गोंधळ आमच्यासारख्या पोरांचाच होता असं नाही. ज्याच्या नावाने रोध मोजतात त्या गेओर्ग सायमन ओहमलाही पहिल्या खेपेला यानेच चकवलं होतं. ओहमचा जन्म १७८९ चा, बव्हेरियातल्या एर्लांगेनचा. वडील कुलूपं बनवणारे कारागीर. १८१७ पासून तो कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता. फावल्या वेळात तो वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून करंट सोडून, टांगलेली चुंबकसुई किती वळते ते मोजायचा. पण वीज पुरवायला त्याच्याकडे व्होल्टाच्या पद्धतीची रासायनिक बॅटरी होती, आणि ती बॅटरी वापरता वापरता दमायची. आत्ता एक दाब, दोन मिनिटांनी दुसरा. १८२५ मध्ये त्याने या आकड्यांवरून एक सूत्र छापलं. त्यात लॉगॅरिदम होता, आणि ते चुकीचं होतं.

मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याला सुचवलं की रासायनिक बॅटरी सोडून दे आणि उष्णतेवर चालणारी वीज वापर. दोन वेगळ्या धातूंचे दोन सांधे वेगळ्या तापमानांना ठेवले की करंट वाहतो, हे सेबेकने नुकतंच दाखवलं होतं. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचे सांधे केले. एक उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळतं आहे आणि बर्फ वितळतं आहे तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून दाबही हलत नाही. दाब फारच कमी मिळायचा, पण ओहमला जोराची गरज नव्हती, सातत्याची होती. १८२६ मध्ये खरा नियम हाती लागला : करंट म्हणजे एक स्थिर आकडा भागिले तारेची लांबी आणि आणखी एक स्थिर आकडा यांची बेरीज. तो दुसरा आकडा म्हणजे तार सोडून उरलेल्या मंडलाचा, खुद्द विजेच्या उगमाचासुद्धा, रोध. पुढच्या वर्षी यावर त्याचं पुस्तक बर्लिनमध्ये निघालं. त्याचं स्वागत इतकं थंड झालं की ओहमने शाळेची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. त्याच सुमारास इंग्लंडात दारूभट्टीवाल्याचा मुलगा जेम्स जूल पाण्यात बुडवलेल्या तारा तापवून, उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे दाखवत होता.

त्या ‘उरलेल्या मंडलाच्या रोधा’कडे आपण घरी अजिबात पाहत नाही, आणि नेमका तोच सॉकेट जाळतो.

गिझरची पिन सॉकेटमध्ये सैल बसली आहे असं धरा. पितळेच्या पट्ट्या ढिल्या झाल्यात, मधे थोडा काळा थर जमलाय. वायरमन याला नुसतं ‘लूज’ म्हणतात. या सैल जागेचा रोध अर्धा ओहम समजू. गिझरच्या २६ ओहमपुढे अर्धा ओहम म्हणजे किरकोळ, करंट ८.७ चा ८.५ होईल, आंघोळीच्या पाण्यात फरकही कळणार नाही. म्हणजे इथे करंट कोण ठरवतं? गिझर. सैल जोडाला तो निमूटपणे सोसावा लागतो. करंट जवळपास कायम आहे, म्हणून आता पहिलं सूत्र लावा : साडेआठचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ३६ वॅट. सोल्डरिंगच्या लहान इस्त्रीएवढी उष्णता, वाटाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत. आणि इथे रोध वाढला की उष्णताही वाढते. तापल्याने पट्टी आणखी ढिली होते, थर आणखी जाड होतो, रोध आणखी वाढतो. सॉकेट पिवळं पडलं, मग तपकिरी झालं, मग एके सकाळी वास आला, हा क्रम असाच चालतो. एमसीबी मात्र पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. उलट किंचित कमी झालेला असतो.

एकाच गिझरच्या एकाच लाइनीवर दोन्ही सूत्रं अशी शेजारी शेजारी राबत असतात. गिझरच्या कॉइलला कमी रोध जास्त तापवतो, सैल पिनेला जास्त रोध.

जुन्या वायरमनांच्या सिरीज बोर्डावर हे डोळ्यांनी दिसतं. साधे तारेचे दोन बल्ब, एक शंभरचा, एक चाळीसचा. वेगवेगळे लावले, म्हणजे दोघांना पूर्ण २३० व्होल्ट, तर शंभरचा जास्त उजेड देतो. त्याचा रोध कमी, ५२९ ओहम. चाळीसचा रोध १३०० च्या वर. आता तेच दोन बल्ब एकापाठोपाठ एक जोडा. दोघांतून एकच करंट जातो, आणि चाळीसचा झगझगतो, शंभरचा लालसर मिणमिणतो. पहिल्यांदा पाहणारा हमखास बल्ब उलटसुलट करून बघतो.

बल्बचा विषय निघालाच आहे, तर त्याची एक खोडी सांगायला हवी. साठ वॅटच्या बल्बचा हिशोब केला तर रोध ८८२ ओहम येतो. आता बल्ब होल्डरमधून काढा आणि मल्टिमीटर लावा. आकडा साठ-सत्तर ओहमच्या आसपास दिसतो. त्यावरून उलटा हिशोब केला तर हा बल्ब आठशे वॅटचा निघतो! मल्टिमीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार गार असताना मोजली, आणि जळताना ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते. तापलेल्या धातूत रोध वाढतो. टंगस्टनमध्ये तो या तापमानाला गारच्या दहा-पंधरा पट होतो. म्हणून बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी पाव अँपिअरच्या बल्बमधून तीन-साडेतीन अँपिअर धावतात, मग तार तापते आणि स्वतःच करंटला आवरते. हे सगळं डोळा लवायच्या आत घडतं. जुने बल्ब उडायचे ते बहुतेक वेळा बटण दाबतानाच, त्याचं कारण हेच.

शेगडीच्या कॉइलमध्ये ही खोडी नाही. ती निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, नायक्रोमची. अमेरिकेत अल्बर्ट मार्शने १९०६ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि घरोघरी टोस्टर, इस्त्री, शेगड्या शक्य झाल्या. तिचा रोध तांब्याच्या साठपटीहून जास्त, आणि तापल्यावर तो थोडासाच बदलतो. म्हणून गार इस्त्री मल्टिमीटरने मोजून वॅट काढता येतात. बल्बचे येत नाहीत. मोटरचे तर नाहीतच.

मोटरची गोष्ट गावाकडे जास्त कळते. संध्याकाळी डीपीवर लोड आला की व्होल्टेज पडतं. २३० चे १८४ झाले, म्हणजे वीस टक्के गेले असं समजा. पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड मुकाट सोसतो. त्याचा रोध ठरलेला, म्हणून शक्ती ०.८ च्या वर्गाने घटते आणि ६४० वॅट राहते. पाणी उशिरा तापेल, बाकी काही नाही. विहिरीवरची मोटर असं ऐकत नाही. तिच्यावर पाण्याचा भार तेवढाच आहे. दाब कमी मिळाला तर ती जास्त करंट ओढून काम भागवू पाहते. शक्ती साधारण तेवढीच धरली तर करंट सव्वापट होतो, आणि आतल्या तांब्याच्या वेढ्यांत उष्णता सव्वाच्या वर्गाने, म्हणजे १.५६ पट. आमच्या दुसऱ्यांदा छाटलेल्या कॉइलचा आकडाही हाच होता! त्या कॉइलप्रमाणे मोटरही मग जळते, आणि शेतकरी ती रिवाइंडिंगला टाकतो. कमी व्होल्टेजने जळते कशी, जास्तीने जळायला हवी, असं विचारणारे भेटतात. त्यांच्या मनात रॉड असतो.

मोटरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती फार न ताणता सांगतो. बंद मोटरचे वेढे मल्टिमीटरने मोजले तर काही ओहमच दाखवतात, आणि त्यावरून काढलेला करंट भलताच मोठा येतो. फिरत असताना मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते, त्यामुळे प्रत्यक्ष करंट फार कमी असतो. मोटर जाम झाली की हा उलटा दाब नाहीसा होतो आणि करंट कैक पटींनी चढतो. शिवाय एसीवर मोटरचा करंट व्होल्टेजच्या थोडा मागे राहतो, त्यामुळे क्लॅम्प मीटरचे अँपिअर गुणिले २३० केल्यावर येतात ते सगळे वॅट नसतात. त्यांना पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं, जो एकाहून कमी असतो. इस्त्री, गिझर, शेगडी यांना ही भानगड नाही.

आता अशी एक जागा पाहू, जिथे व्होल्टही कायम नाहीत आणि अँपिअरही नाहीत, कायम आहे ती पोहोचवायची शक्ती. चंद्रपूरला कोळशावर वीज होते, मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात ती खपते. १९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे अशी ७५२ किलोमीटरची डीसी लाइन सुरू झाली. क्षमता १५०० मेगावॅट, म्हणजे दीडशे कोटी वॅट. एक तार जमिनीच्या मानाने पाच लाख व्होल्ट वर, दुसरी पाच लाख खाली. दोघींत दहा लाख व्होल्ट. डीसी असल्यामुळे पॉवर फॅक्टर नाही, भागाकार शाळेतलाच : दीडशे कोटी भागिले दहा लाख म्हणजे १५०० अँपिअर. दीडशे कोटी वॅटसाठी दीड हजार अँपिअर, म्हणजे एकेका अँपिअरच्या पाठीवर दहा लाख वॅट.

हीच शक्ती घरच्या २३० व्होल्टवर न्यायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील. तेवढ्या करंटसाठी किती जाड तार लागेल याचा विचारही नको. वाटेतला जाण्या-येण्याचा रोध हिशोबापुरता दहा ओहम धरा. १५०० चा वर्ग गुणिले दहा म्हणजे दोन कोटी पंचवीस लाख वॅट वाटेत हवा तापवण्यात जातील. दीडशे कोटींपैकी दीड टक्का. दाब निम्मा केला तर करंट दुप्पट, तूट चौपट, सहा टक्के. विजेचे मोठे मनोरे एवढे उंच आणि त्यांवरच्या चिनी मातीच्या माळा एवढ्या लांब असतात त्या या वर्गापायी.

हे सगळं घरच्या घरी तपासायला मल्टिमीटर लागत नाही. उघड्या तारांशी तर खेळूच नका. ओल्या हाताचा माणूस साधारण हजार ओहमचा धरला तर २३० व्होल्टला त्याच्यातून पाव अँपिअरच्या जवळपास जाईल, आणि गळती पकडून लाइन तोडणारं घरगुती यंत्र ०.०३ अँपिअरलाच पडायला बनवलेलं असतं. त्यापेक्षा दारामागच्या मीटरजवळ उभे राहा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘एका युनिटला ३२००’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो घ्या. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर, म्हणजे ३६ लाख जूल. त्याला ३२०० ने भागलं की दर लुकलुकीमागे ११२५ जूल. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्यांनी भागा, की त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते आलं. फक्त गिझर चालू ठेवलात तर मिनिटाला १०७ च्या आसपास लुकलुकी मोजाल. व्होल्टेज कमी असेल तर कमी भरतील, आणि त्यावरून, गिझरचा रोध ठाऊक असल्याने, व्होल्टेजही काढता येईल.

मी हा प्रयोग एका रात्री केला. फ्रिज बंद, पंखे बंद, चार्जर काढलेले. दिवा थांबेल असं वाटलं होतं, पण दर ११२ सेकंदांनी तो एकदा लुकलुकत होता. म्हणजे दहा वॅट. टॉर्च घेऊन एकेक खोली पाहिली. टीव्हीमागे, रिमोटने ‘बंद’ केलेला सेटटॉप बॉक्स कोमट होता. दहा वॅट, चोवीस तास, तीस दिवस : ७.२ युनिट. पिन काढली आणि पुन्हा मीटरपाशी जाऊन पाच मिनिटं अंधारात उभा राहिलो. दिवा लागला नाही.